एका अक्षराचा फरक, जन्मभराचे दुखणे

थंडी पडू लागली की विदर्भातल्या पुष्कळ घरांत एखादे लेकरू हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडते. आई तेल लावून चोळते. शेजारची म्हातारी सांगते, वाढीचे दुखणे आहे. कोणी म्हणते वात आहे, कोणी म्हणते नजर लागली. डोळे पिवळे दिसले की काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे नेतात. चेहरा पांढरा पडला म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यांनीही काही फरक पडत नाही. असे वर्ष, दोन वर्षे जातात. मग कधीतरी एखादा डॉक्टर रक्त तपासायला सांगतो आणि कागदावर दोन अक्षरे येतात, एस.एस. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण.

हा आजार आपल्या वस्त्यांना नवा नाही. नाव बहुतेकांना ठाऊक आहे. पण तो होतो कसा, रक्तात नेमके काय बिघडते, असे विचारले तर “त्याचे रक्तच खराब आहे” एवढेच उत्तर मिळते. वाचकहो, रक्त खराब नसते. शरीराच्या तीनशे कोटी अक्षरांच्या दप्तरात एक अक्षर बदललेले असते. एक अक्षर एवढे दुखणे कसे निर्माण करते, हे कळायला पेशीच्या आत डोकवावे लागेल. विज्ञान म्हटल्यावर पान उलटू नका. मी स्वतः बी.कॉम., सारी नोकरी आवक-जावक आणि खतावणीत गेली. वाचता वाचता लक्षात आले की पेशीचा कारभार आमच्या कचेरीपेक्षा फार वेगळा नाही. फक्त तिथे फाईल पडून राहत नाही.

मूळ दप्तर आणि नक्कल

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या मध्यभागी केंद्रक नावाची खोली असते. तिला रेकॉर्ड रूम म्हणा. त्या खोलीत डीएनएचे लांबच लांब धागे गुंडाळून ठेवलेले असतात. या धाग्यावरची लिपी फक्त चार अक्षरांची आहे. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी आणि सी म्हणतात. या चार अक्षरांच्या आलटून पालटून मांडणीत शरीर घडवण्याच्या साऱ्या सूचना लिहिलेल्या असतात. एका वस्तूची पूर्ण सूचना जेवढ्या मजकुरात असते, त्याला जनुक म्हणतात. प्रथिने घडवण्याच्या सूचना देणारी अशी जनुके माणसात सुमारे २०,००० आहेत.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडे आठवते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. आपण खाल्लेली डाळ पोटात सुटी होते आणि तिच्यातून अमिनो आम्ले नावाचे मणी मिळतात. हे मणी वीस प्रकारचे असतात. त्यांच्यापासून पेशी स्वतःची प्रथिने नव्याने ओवते. स्नायू हे प्रथिन, केस हे प्रथिन, अन्न पचवणारे रस हे प्रथिन. रक्ताला लाल रंग देणारे आणि फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवणारे हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. कोणता मणी कोणानंतर ओवायचा, एवढेच जनुकात लिहिलेले असते. बाकी सगळे त्या क्रमातून घडते.

आता कचेरीत मूळ दप्तर कोणी बाहेर नेऊ देत नाही. नक्कल काढून देतात. पेशीही तेच करते. हिमोग्लोबिन हवे असेल तर डीएनएचा तेवढाच भाग उघडतो आणि त्यावरून आरएनए नावाची नक्कल तयार होते. नकलेत टी या अक्षराच्या जागी यू येते, एवढा लिपीतला फरक. गंमत म्हणजे मूळ मजकुरात मधे मधे असे परिच्छेद असतात की ज्यांचा या कामाशी संबंध नसतो. नक्कल खोलीबाहेर पडण्यापूर्वी ते कापून उरलेले तुकडे जोडले जातात. हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या जनुकात असे दोन परिच्छेद आहेत. ते कापताना एक अक्षर मागेपुढे झाले तरी घोटाळा होतो. थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराचे काही प्रकार नेमके अशाच घोटाळ्यातून येतात.

नक्कल खोलीबाहेर आली की रायबोसोम नावाचे यंत्र तिला पकडते. हे यंत्र नक्कल तीन-तीन अक्षरे करून वाचते. तीन अक्षरे म्हणजे एक शब्द आणि एक शब्द म्हणजे एक मणी. नेमका तो मणी आणून देण्यासाठी छोटे हमाल असतात, तेही आरएनएचेच. हमालाच्या एका टोकाला मणी आणि दुसऱ्या टोकाला तीन अक्षरांचा बिल्ला. बिल्ला नकलेवरच्या शब्दाशी जुळला तरच मणी उतरवून घेतला जातो, नाही तर परत. आमच्याकडे शिक्का जुळला नाही तर जसे परत पाठवतात तसेच. मणी मागल्या मण्याला जोडला जातो, यंत्र तीन अक्षरे पुढे सरकते. माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण पाच मणी या गतीने काम चालते. हिमोग्लोबिनची बीटा नावाची साखळी १४६ मण्यांची आहे, म्हणजे ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार होते. एकाच नकलेवर एकामागे एक अशी कितीतरी यंत्रे एकाच वेळी काम करत असतात.

साखळी संपली हे यंत्राला कसे कळते? चार अक्षरांचे तीन-तीनचे एकूण ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ मण्यांची नावे आहेत आणि उरलेले तीन म्हणजे पूर्णविराम.

ही ६४ शब्दांची बाराखडी लावण्यात आपल्या उपखंडातला एक माणूस होता, हे मुलांना जरूर सांगा. हरगोबिंद खुराना यांचा जन्म १९२२ चा, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यातला. गावाची वस्ती शंभराच्या घरात. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. गावात लिहिता-वाचता येणारे जवळपास हे एकच कुटुंब. मुलाच्या शिक्षणाची सुरुवात झाडाखाली झाली. अमेरिकेत १९६१ साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मॅथाय यांनी नुसत्या यू-यू-यू अशा अक्षरांची नक्कल पेशीच्या रसात टाकली आणि एकाच प्रकारच्या मण्यांची साखळी मिळवली. म्हणजे पहिला शब्द वाचला गेला. खुराना यांनी ठरावीक अक्षरे पुन्हा पुन्हा येतील अशा नकला प्रयोगशाळेत स्वतः तयार करून पुढचे शब्द पक्के केले. १९६८ चे नोबेल पारितोषिक खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट होली यांना मिळून मिळाले. रायबोसोम या यंत्राची आतली रचना दाखवल्याबद्दल २००९ साली नोबेल मिळालेल्या तिघांत चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरमण रामकृष्णन आहेत.

सहावा मणी

आता मुद्द्याकडे येऊ. हिमोग्लोबिनचा एक कण चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. चारी साखळ्या घड्या पडून एकमेकींत बसतात आणि प्रत्येकीच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. प्राणवायू त्या लोहाला धरून प्रवास करतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी कण भरलेले असतात. हे सगळे हाडांच्या मगजात होते. पेशी भरली की ती आपले केंद्रक, म्हणजे मूळ दप्तरच, टाकून देते आणि रक्तात उतरते. त्यानंतर तिला नवीन काही बनवता येत नाही. मिळालेल्या शिदोरीवर तिने १२० दिवस काम करायचे. मगजात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होत असतात.

बीटा साखळीचे पहिले मणी क्रमाने असे: व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन आणि सहावे ग्लुटॅमिक आम्ल. या सहाव्या मण्याचा शब्द जी-ए-जी. सिकलसेलच्या जनुकात मधल्या ए च्या जागी टी असते. नकलेत शब्द होतो जी-यू-जी आणि जी-यू-जी म्हणजे व्हॅलीन. यंत्राची काही चूक नाही, हमालाची नाही. त्यांनी लिहिले होते ते इमानाने वाचले आणि सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसवले. १४६ पैकी एक मणी वेगळा. बाकी १४५ जसेच्या तसे.

पण दोन मण्यांचा स्वभाव उलटा आहे. ग्लुटॅमिक आम्लाला पाणी आवडते. व्हॅलीन पाण्यापासून दूर पळते, तेलाच्या थेंबासारखे. प्राणवायू बरोबर असतो तोवर हा स्वभाव उघड होत नाही. हिमोग्लोबिनने प्राणवायू अवयवांना देऊन टाकला की त्याचा आकार थोडा बदलतो. मग हे व्हॅलीन लपायला जागा शोधते आणि शेजारच्या कणाच्या खाचेत जाऊन बसते. तो कण तिसऱ्याला धरतो, तिसरा चौथ्याला. बघता बघता पेशीच्या आत ताठ दोऱ्या तयार होतात. मऊ, गोल, बारीकशा नळीतूनही वाकून जाणारी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते. सिकल म्हणजे विळा. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि तिथे असह्य कळा येतात. लेकराचे रडणे ते हेच. तेल चोळून ती नळी मोकळी होत नाही. शिवाय ही पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी आणि फुटलेल्या पेशींच्या रंगाने डोळे पिवळे.

लोहाच्या गोळ्यांनी फरक का पडत नाही, हेही यातून कळते. इथे लोह कमी नसते, साखळी वेगळी असते. ज्यांना वरचेवर रक्त चढवावे लागते त्यांच्या अंगात तर लोह साचून अपाय होतो. तपासणी करून कमतरता दिसली तरच लोह घ्यावे.

शिकागोतले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात या विळ्या पाहिल्या आणि १९१० साली लिहून ठेवल्या. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या चालीने सरकते, म्हणजे दोष त्या कणातच आहे. या कामातले हार्वी इटानो हे जपानी वंशाचे म्हणून महायुद्धात अमेरिकेनेच छावणीत डांबलेले विद्यार्थी होते. विद्यापीठाचे सर्वोच्च पदक मिळाले, तेव्हा ते घ्यायला जाण्याची मुभा त्यांना नव्हती. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ साली साखळीचे तुकडे करून तो एकच बदललेला मणी शोधून काढला.

हे आपल्याकडे कसे आले?

भारतात हा बदल पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत आढळला. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातल्या रुग्णांची नोंद केली. आज नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि उत्तरेकडे नंदुरबार हे त्याचे पट्टे आहेत. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा, कोरकू यांच्यात तो आहे आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध कुटुंबांतही आहे. काही समूहांत तर शंभरात दहाहून अधिक लोक वाहक निघतात.

एवढे ऐकले की काहींना वाटते, हा खालच्या मानलेल्यांचाच रोग दिसतो. तसे अजिबात नाही. आफ्रिकेत, अरबस्तानात, युरोपातल्या ग्रीसमध्येही तो आहे. नकाशावर पाहिले तर जिथे पिढ्यान् पिढ्या जीवघेणा हिवताप होता, तिथे तो दिसतो. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवले की ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा बदल मिळाला आहे, त्याला तीव्र हिवतापापासून चांगले संरक्षण मिळते. जंगलकाठी, तळ्याकाठी राहणाऱ्या आपल्या पूर्वजांत अशी माणसे तापातून वाचली आणि त्यांची मुलेबाळे वाढली. एका अक्षराने त्यांना जगवले. त्याच अक्षराच्या दोन प्रती एका लेकरात आल्या की दुखणे. म्हणून याला कलंक म्हणणाऱ्यांना मी तरी अडाणी समजतो, मग ते कितीही शिकलेले असोत.

दोन प्रतींचा हिशेब नीट समजून घ्या. प्रत्येक जनुक आपल्याकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही साध्या असल्या तर ए.ए. एक साधी आणि एक बदललेली असली तर ए.एस., म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो आणि पुढे त्याचा रुग्ण होत नाही. दोन्ही बदललेल्या असल्या तर एस.एस., रुग्ण. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात एक पूर्ण निरोगी आणि चारात दोन वाहकाची. “पहिले लेकरू आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील” असे बरेच जण समजतात. तसे नाही. दर वेळी नाणे नव्याने उडते. एक वाहक आणि दुसरा साधा असेल तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. मात्र तो दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तर सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो, म्हणून नुसती साधी चाचणी पुरत नाही.

वस्तीतल्या तपासणी शिबिरात नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे असते. तिथे दरवेळी एक गोष्ट दिसते. लेकरू रुग्ण निघाले की सासू सुनेकडे पाहते. अहो, एस.एस. ला दोन एस लागतात आणि त्यातला एक तुमच्या लेकाचा आहे! मागे एका ओळखीच्या घरी ठरलेले लग्न मोडले. मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की मी वाहक आहे. मुलाकडच्यांनी लगेच नकार कळवला. मुलाची तपासणी केली का, असे विचारले तर उत्तर नाही. तो ए.ए. असता तर त्या संसाराला काही धोका नव्हता. ज्या घराने खरे सांगितले त्यालाच शिक्षा झाली आणि त्या गल्लीत नंतर कोणी आपला कागद दाखवेना. आपण पत्रिका पाहणे सोडून दिले, हे चांगले केले. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्ममध्ये मात्र रक्ताची नोंद हवी आणि ती दोघांचीही हवी. मुलगा-मुलगी दोघे वाहक निघाले तर त्यांनी समुपदेशकाशी बोलून आपला निर्णय आपण घ्यावा. लग्न करूनही गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत असते. त्याबद्दल काय करायचे ते त्या जोडप्याने ठरवायचे, नातेवाइकांनी नाही.

औषध आहे का?

जन्मतः बाळाला त्रास नसतो, कारण पोटात असताना बाळ वेगळ्या साखळीचे हिमोग्लोबिन वापरते. तिचे जनुक वेगळे आहे आणि त्यात हा बदल नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते पान मिटते, बीटाचे पान उघडते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास हातापायाची बोटे सुजू लागतात. मिटलेले पान दप्तरातच असते. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी ते थोडेसे पुन्हा उघडते. त्यामुळे कळांचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. अमेरिकेत १९९८ साली तिला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि आपल्या सरकारी दवाखान्यांतही ती दिली जाते. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी, मधून मधून रक्त तपासावे लागते आणि गरोदरपणी चालत नाही. सख्ख्या भावा-बहिणीचा मगज जुळला तर मगज बदलण्याचा उपचार आहे. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत एका जनुकीय उपचाराला परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच मगजातल्या पेशी बाहेर काढून, मिटलेले पान मिटवणारे कुलूप कापून टाकतात आणि पेशी परत सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या महिन्याच्या पगाराशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

घरात रुग्ण असेल तर रोजच्या चार गोष्टी फार उपयोगी पडतात. भरपूर पाणी पाजा, पेशीत पाणी कमी झाले की दोऱ्या लवकर होतात. थंडीत अंग उबदार ठेवा, थंड पाण्याने आंघोळ नको. लहान मुलांना न्यूमोनियाची लस आणि डॉक्टर सांगतील ते पेनिसिलिन चुकवू नका, कारण प्लीहा निकामी होत असल्याने जंतुसंसर्ग चटकन वाढतो. ताप आला, छातीत दुखले, एकाएकी पोट फुगले किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. शाळेतल्या गुरुजींना कळवून ठेवा की हे मूल पाण्याच्या बाटलीसाठी आणि लघवीसाठी वारंवार उठेल, त्याला रागावू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढावे, पुष्कळ पालक ते काढतच नाहीत. एसटीच्या साध्या बसमध्ये रुग्णाला प्रवास सवलत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. आपल्या वस्त्या आदिवासी भागात मोडत नसल्या तरी तपासणीची मागणी आपण आरोग्य केंद्रात लेखी करू शकतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

तपासणीला जाताना एवढे लक्षात ठेवा. बोटाच्या थेंबावर होणारी पहिली चाचणी काही मिनिटांत निकाल देते, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी होईपर्यंत घरात रडारड करू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही पहिली चाचणी उपयोगाची नाही, त्याची थेट दुसरीच करावी लागते. अलीकडे रक्त चढवले असेल तर त्याची तारीख सांगा, नाही तर दिसेल ते रक्त देणाऱ्याचे हिमोग्लोबिन. आणि निकालाचा कागद शिधापत्रिकेबरोबर जपून ठेवा, त्याच्या दोन झेरॉक्स काढून.